पिलावा मेला तो हिवाळा

कार्तिक संपत आला होता. सकाळी मुंग्या चढू नयेत म्हणून मधमाश्यांच्या पेट्यांच्या पायांखाली ठेवलेल्या वाट्यांत पाणी भरायला मी मळ्यात गेले, तेव्हा तिसऱ्या पेटीच्या दाराखाली मला पांढरं काहीतरी पडलेलं दिसलं. वाकून पाहिलं तर माश्यांची पिल्लं होती. अळ्याच, पण पूर्ण वाढलेल्या. दोन-दोन कामकरी माश्या एकेक मेलेली अळी ओढत दारापर्यंत आणत होत्या आणि खाली टाकत होत्या. मी काडीने एक उचलली. आत पाणी भरल्यासारखी ती मऊ लागली आणि काडीवरच फुटली.

आबा बांधावर बसले होते. आबा म्हणजे माझे सासरे. मी काडी तशीच त्यांच्यासमोर धरली.

"थंडीमुळे व्हई," ते म्हणाले. "दोन दिस देख."

मी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी पाचव्या पेटीच्या दारातही तेच होतं.

आमचं गाव शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. कपाशी, ज्वारी आणि विहिरीच्या पाण्यावर थोडं सूर्यफूल. मधमाश्या पाळणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. आबांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कुठल्याशा सरकारी योजनेत सह्याद्रीच्या बाजूला जाऊन महिनाभर शिक्षण घेतलं आणि येताना सातेरी माश्यांच्या चार पेट्या आणल्या. सातेरी म्हणजे आपली झाडाच्या ढोलीत राहणारी छोटी, शांत माशी. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला वेड लागलं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या चारच्या नऊ झाल्या होत्या आणि आबांचे हात थरथरायला लागले होते. पोळं धरलेली लाकडी चौकट उचलताना हात हलला की माश्या चिडतात. एकदा त्यांच्या हातून अख्खी चौकट निसटली आणि राणी चिरडून मेली. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला अंगणात बोलावलं.

"माय, तुले भेव वाटस का माश्यासनं?"

मी नाही म्हटलं.

"मंग तू उघाड. मी सांगस."

तेव्हापासून हात माझे आणि डोळे त्यांचे. मी दहावी झालेली होते, पण खरं शिक्षण मला त्या पेट्यांपाशी मिळालं. जाळीची टोपी घातली की डोक्यावरून पदर घेता येत नसे. सासूबाईंना ते पहिले काही महिने खटकलं, मग तेही थांबलं. आबा शेजारी पाटावर बसायचे. मी धुराडं हलकेच फुंकून माश्यांना धूर द्यायची, झाकण काढायची, एकेक चौकट उन्हाकडे धरायची. ते विचारायचे, अंडी दिसतस का? पिलावा सलग शे का फुटका? कडेला मध किती? पिलावा म्हणजे पोळ्यातली सगळी पिल्लं, अंड्यापासून बंद कप्प्यापर्यंतची. पिलावा नीट तर वसाहत नीट, हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं वाक्य. आठ-दहा दिवसांनी प्रत्येक पेटी उघडायची. पावसाळ्यात साखरेचा पाक द्यायचा. वैशाखात पेट्यांवर ओलं गोणपाट टाकायचं, नाहीतर आमच्याकडच्या उन्हात मेण वितळून पोळी खाली गळतात. आणि एखादी पेटी कमजोर पडली तर जोरकस पेटीतली पिलाव्याची एक चौकट काढून तिला द्यायची, म्हणजे नव्या माश्या निघतात आणि ती उभी राहते.

हे शेवटचं मी फार मन लावून शिकले होते. त्यानेच घात केला.

त्या साली आमच्याकडे चौदा पेट्या होत्या. दिवाळीनंतर माझी थोरली बहीण आली होती, भडगावहून. आम्ही तिला अक्काच म्हणायचो. अक्काचे यजमान लवकर गेले. गिरणेच्या काठाला लिंबांची छोटी बाग आणि दोन मुली, एवढं तिच्या वाट्याला आलं होतं. दोन वर्षांपूर्वी मी तिला चार पेट्या दिल्या, हात धरून शिकवलं. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, पण पेटीपाशी माझं ऐकायची. त्या माश्यांनी तिला बागेबरोबर आणखी एक गोष्ट दिली होती. आसपास कांद्याचं बी धरणारे शेतकरी तिच्याकडे येऊ लागले होते. डेंगळे, म्हणजे कांद्याच्या फुलांचे दांडे, फुलले की बी धरायला माश्या लागतात, तेव्हा ते म्हणत, अक्का, तुमच्या दोन पेट्या आमच्या वावरात ठेवा. विधवा बाईच्या दारात कामासाठी माणसं येतात, आदराने बसतात, हे तिला नवं होतं. तिच्या चारच्या सहा झाल्या होत्या. आणखी हव्या होत्या, म्हणून ती आली होती.

मी तिला माझ्या दोन सगळ्यांत भरलेल्या पेट्या दिल्या. वर तिच्या जुन्या कमजोर पेट्यांसाठी पिलाव्याच्या तीन चौकटीही दिल्या. दिवेलागणीला दारं बंद केली, जाळी लावली आणि ओळखीच्या टेम्पोत पेट्या चढवल्या. अक्का पुढे बसली, मांडीवर चौकटींची पेटी घेऊन. ती किती आनंदात होती ते मला आजही दिसतं.

त्याला पंधरवडाही झाला नव्हता, तोच तिसऱ्या पेटीच्या दाराखाली ती पिल्लं दिसली होती.

पाचव्या पेटीनंतर सातवी, मग पहिली. मी पेट्या उघडून पाहू लागले. कप्प्यात अळी कुशीवर गोल पडलेली असते. मोठी झाली की सरळ होते आणि माश्या वरून मेणाचं झाकण लावतात. इथे अळ्या सरळ होऊन, डोकं वर उचलून, तशाच मेल्या होत्या. काहींची झाकणं कुरतडून उघडली होती. नावेचं टोक वर यावं तशी ती तोंडं कप्प्याकप्प्यातून वर आलेली. आबांना मी जसं दिसत होतं तसं सांगत होते. त्यांनी असं आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणजे मला विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

मला वाटलं, हे फवारणीचं आहे. शेजारच्या वावरात कपाशीवर त्या वर्षी बोंडअळीसाठी आठवड्याआड फवारे चालले होते. वास आमच्या विहिरीपर्यंत यायचा. मी तडक बांधावर गेले आणि शेजारच्या नानांना नको नको ते बोलले. वडिलांच्या वयाचा माणूस. ते पंप पाठीवर घेऊन उभे होते.

"मी सकाळना फवारस नही, माय. आबानी सांगेल शे तवय्पासून दुपार टळल्यावरच फवारस," ते म्हणाले.

मी ऐकलं नाही. विषाने उडणाऱ्या मोठ्या माश्या मरतात, दारासमोर त्यांचा सडा पडतो, हे मला माहीत होतं. इथे मोठी माशी एक मेली नव्हती, फक्त पिल्लं मरत होती. तरी मला विषच हवं होतं. विष असेल तर ते कुणीतरी बाहेरून टाकलेलं असतं.

आणि मग मी ते केलं जे मला येत होतं. ज्या पेट्या कमजोर पडल्या त्यांना चांगल्या पेट्यांतल्या चौकटी दिल्या. आजारी पेटीतल्या, अजून बऱ्या दिसणाऱ्या चौकटी जोरकस पेटीत ठेवल्या, तिथल्या माश्या साफ करतील म्हणून. तेच हात, चौकटी सुट्या करायची तीच पटाशी, तेच धुराडं. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत मी इथलं तिथे करत होते. आबा म्हणत होते, बरं करतेस. पंधरा दिवसांत बाराही पेट्यांत ती वर आलेली तोंडं होती.

शेवटी आबांनी धुळ्याला, मधमाश्यांच्या कचेरीत पत्र टाकलं. आठवड्याने एक साहेब आले. एस.टी.ने फाट्यावर उतरून पायी आले होते, बुटांवर धूळ होती. चहाला नको म्हणाले. त्यांनी पहिली पेटी उघडली, एक चौकट पाहिली, काडीने एक अळी उचलली. ती थैलीसारखी लोंबली. दुसरी उघडली. तिसरी अर्धी उघडून झाकण परत लावलं आणि टोपी काढली.

"किती दिवस झाले?"

मी सांगितलं.

"एका पेटीतल्या चौकटी दुसरीत घातल्यात?"

मी मान हलवली.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की हा पिलाव्याचा संसर्गजन्य आजार आहे, विषाणूचा. दक्षिणेकडून वर सरकत आलाय. घाटावर, कोकणात, सगळीकडे पेट्या रिकाम्या होतायत. पिल्लांना भरवणाऱ्या माश्याच तो पिल्लापिल्लापर्यंत नेतात.

"औषध काय द्यायचं?" मी विचारलं.

"औषध नाही ताई."

"काहीतरी असेल."

"पिलावा तोडायचा. आजारी पोळी जाळायची. राणी एकवीस दिवस पिंजऱ्यात कोंडायची, म्हणजे अंडी नाहीत, पिल्लं नाहीत, आणि आजाराला धरायला काही नाही. पेट्या सोड्याच्या पाण्याने धुवायच्या. आणि यातली एक चौकट, एक माशी कुठे बाहेर द्यायची नाही." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "दिली आहे का?"

मी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "इन्ही बहीनले. भडगावले."

साहेबांनी टोपी घातली. म्हणाले, "तिकडे लवकर जाऊन या."

मी लवकर गेले नाही. हे मला सांगितलंच पाहिजे. चार दिवस मी घरच्याच पेट्यांत बुडून राहिले. आधी हे आटोपू, मग जाऊ, असं स्वतःला सांगत राहिले. मनात एक वेडी आशा होती की अक्काच्या पेट्या वाचल्या असतील, आणि गेलं नाही तर ती आशा तशीच राहील.

जाळायला आबा तयार नव्हते. "जित्ता जीव शेतस त्या," ते म्हणाले. प्रत्येक चौकटीत काही पिल्लं अजून चांगली होती, हे खरंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ते स्वतःच कुदळ घेऊन विहिरीमागे गेले आणि थरथरत्या हातांनी खड्डा खणू लागले. मी कुदळ घ्यायला गेले तर त्यांनी दिली नाही. एवढासा खड्डा व्हायला किती वेळ लागला. मी एकेक चौकट झटकून माश्या पेटीत पाडत होते आणि पोळी कापून खड्ड्यात टाकत होते. माश्या पोळ्याला चिकटून बसत होत्या. पिल्लांवरून उठत नव्हत्या. पुन्हा झटकायचं, शेवटी पिसाने ढकलायच्या. एरवी सातेरी चावत नाही. त्या दिवशी माझे दोन्ही हात सुजले.

रॉकेल ओतून आबांनी काडी लावली. मेण धडधडून पेटतं. मधाचा गोड वास आणि त्यात मांस जळाल्याचा वास. आबा तिथे शेवटपर्यंत उभे होते. मी पेट्या धुवायला गेले कारण मला उभं राहवत नव्हतं.

पाचव्या दिवशी मी शिरपूरहून धुळ्याची आणि धुळ्याहून भडगावची गाडी धरली. दुपारी पोचले. अक्का बागेत होती. मला पाहून तिने हातातली पाटी खाली ठेवली.

"आशी अचानक कशी ऊनी? घरना बठ्ठा बरा शेतस ना?"

"बरे आहेत. पेट्या बघायला आले."

तिचा चेहरा उतरला. "मीच तुले कागद टाकनार व्हती," ती म्हणाली. "पिल्लं बाहेर काढी राहिन्यात. मी म्हनं, थंडी व्हई."

आम्ही दोघींनी मिळून आठही पेट्या उघडल्या. तिने डोक्यावर तीच जाळीची टोपी घातली होती, जी मी शिवून दिली होती. पहिल्याच पेटीत ती वर आलेली तोंडं. तिसऱ्या पेटीत तर माश्याच नव्हत्या. मूठभर उरल्या होत्या, बाकीच्या पोळी सोडून निघून गेल्या होत्या. मी दिलेल्या तीन चौकटी मी लगेच ओळखल्या. आबांनी सुताराकडून करून घेतलेल्या चौकटींचं लाकूड सागाचं होतं, अक्काचं कडुनिंबाचं.

मी तिला सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले ते, मी चौकटी इकडच्या तिकडे केल्या ते, आणि मला कळून पाच दिवस झाले होते तेही.

तिने चौकट परत पेटीत ठेवली. मग विचारलं, "तू दिन्ह्यात त्याच पेट्यास्मा शे का, का बठ्ठ्यास्मा?"

"सगळ्यांत."

"मी त्या चौकटी वाटी दिन्ह्यात ना," ती म्हणाली. "एकेक कमजोर पेटीले एकेक. तू शिकाडं तसं."

ती ओरडली असती, मला हाकलून दिलं असतं, तर मी काही बोलू शकले असते. ती आत गेली, माझ्यासाठी भाकरी टाकली, समोर बसून वाढलं. जेवण झाल्यावर आम्ही बागेच्या टोकाला खड्डा खणला. तिची धाकटी मुलगी शाळेतून आली तेव्हा धूर निघत होता. काय जाळताय म्हणून तिने विचारलं. अक्का म्हणाली, कचरा.

निघताना मी म्हटलं, "अक्का, राण्या कोंडल्या आहेत. एकवीस दिवस पाक दे. काही वाचतील."

"आते तू जाय," ती म्हणाली. "मन्हं डोकं ठिकाने नही."

त्या एकवीस दिवसांत आमच्या पेट्या एकेक करून गेल्या. पिल्लं नसली की माश्यांचा जीव पोळ्यात राहत नाही. काही पेट्यांत म्हाताऱ्या माश्या रोज थोड्या थोड्या कमी होत गेल्या आणि जागा भरायला नवी एकही नव्हती. काही ठिकाणी पिंजऱ्यात राणी एकटी आणि बाहेर तिच्या जाळीला चिकटलेल्या दहा-वीस माश्या. रिकाम्या पोळ्यांत मेणकिडा शिरला, जाळी विणली. मी सकाळ-संध्याकाळ पाक करत होते, मुंग्यांच्या वाट्या भरत होते, दारं लहान करत होते म्हणजे लुटारू माश्या शिरू नयेत. घरात कुणाशी बोलत नव्हते. यजमान सूतगिरणीतून यायचे, ताट झाकलेलं असायचं. एकदा ते म्हणाले, "माश्याच आहेत." मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही.

पौषात मला वाटलं, डोंगरातून नवी वसाहत आणावी. पायथ्याच्या पाड्यावर एक म्हातारा पावरा आदिवासी होता. आबांना पहिल्यापासून ओळखणारा. कुठल्या झाडाच्या कुठल्या ढोलीत सातेरी आहे हे त्याला पिढीजात माहीत. त्याच्याबरोबर मी आणि सासूबाई सकाळीच निघालो. त्याने अंजनाच्या झाडाची ढोली दाखवली. कान लावला. हात घातला आणि मेणकिड्याच्या जाळीने भरलेलं काळं पोळं बाहेर काढलं.

"खाली शे, बाई," तो म्हणाला, म्हणजे रिकामी.

मोहाच्या झाडाची खाली. खडकातल्या कपारीची खाली. पाचवी ढोली, जिला त्याच्या बापाने खूण केली होती, तीही खाली. तो खडकावर बसला आणि बिडी न पेटवता हातात धरून राहिला. म्हणाला, असं त्याने उभ्या जन्मात पाहिलं नाही.

उतरताना माझ्या मनात जे आलं ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. डोंगरात जिथे माझा हात पोचला नव्हता तिथेही माश्या मेल्या होत्या. म्हणजे अक्काच्याही मेल्याच असत्या. मी चौकटी दिल्या नसत्या तरी. सबंध डोंगर रिकामा झाला होता आणि मला त्यातून माझ्यापुरती सुटका काढायची होती. शेवटच्या उतारावर सासूबाईंनी विचारलं, का रडतेस, तर मी म्हटलं, पाय दुखतो.

घरी आले तर तीनच पेट्या उरल्या होत्या. त्यातल्या दोन माघ लागता लागता गेल्या. राण्या सोडल्या, अंडी आली, अळ्या आल्या, आणि पुन्हा ती तोंडं वर आली. उरली एक. दहाव्या स्टँडवरची. तिच्यातही थोड्या अळ्या मेलेल्या होत्या, पण माश्या त्या झटपट काढून टाकत होत्या. बाकीच्या पेट्यांत मेलेली पिल्लं कप्प्यात सुकत पडायची, हिच्यात कप्पा दुसऱ्या दिवशी चकचकीत.

आबा म्हणाले, "राणी जुनी शे. तिले काढ. त्या नवी करतीन. तवलोंग पिलावा तुटी."

एका अर्थी साहेबांनी सांगितलं तेच, पण त्याहून कठीण. राणी मेली की माश्या अगदी कोवळ्या अळ्या निवडून त्यांच्यापासून नवी राणी करतात. ती निपजून, बाहेर उडून, नरांशी मिलन होऊन परत येईपर्यंत महिना जातो. महिनाभर पिल्लं नाहीत. पण हे सगळं जमलंच नाही तर पेटी संपली. आणि ही शेवटची होती.

"मी करस," आबा म्हणाले आणि हात पुढे केला. हात इतका हलत होता की ते स्वतःच तो मागे घेऊन बसले.

मी राणी शोधली. चौथ्या चौकटीवर होती, काळसर, लांब, भोवती माश्यांचा घेर, सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. मी तिला पंखांना धरून उचललं. दोन बोटांत धरलं. आबा डोंगराकडे बघत होते. इतका हलका जीव आणि दाबायला इतका जोर लागतो, की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक.

संध्याकाळपर्यंत पेटीतला आवाज बदलला. राणी नसलेल्या पेटीत माश्या कण्हल्यासारख्या गुणगुणतात. आबा पेटीशेजारी पाट टाकून बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मी जेवण तिथेच नेऊन दिलं.

आठव्या दिवशी मी उघडलं. शेंगदाण्याएवढी दोन राणीघरं लोंबत होती. एक काळपट पडलं होतं. कुणाला न सांगता मी ते फोडून पाहिलं. आत तीच पाण्याची थैली. आजार राणीच्या पिल्लालाही सोडत नव्हता. उरलं एक. मी झाकण लावलं आणि आबांना सांगितलं, दोन्ही चांगली आहेत. त्यांच्याशी मी खोटं बोलले ते तेवढंच.

दुसऱ्यातून राणी निघाली. मी ती दोनदा पाहिली, मग आठवडाभर दिसली नाही. बाहेर उडून गेली आणि पक्ष्याने खाल्ली, असं मी धरूनच चालले. मग एका सकाळी चौकट उन्हाला धरली तर कप्प्यांच्या तळाशी रव्याच्या कणीसारखी अंडी होती. प्रत्येक कप्प्यात एक. मी आबांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांना दिसली नाहीत, तरी ते म्हणाले, "शेतस."

अंड्यांचं काय, अंडी आधीही आली होती. खरी भीती पुढची. अळ्या मोठ्या होतात, सरळ होतात, तेव्हा. मी दर दोन दिवसांनी उघडत होते, जे करायचं नसतं. दहाव्या दिवशी पिलाव्यावर झाकणं लागली. तळहाताएवढा सलग पट्टा, फिका तपकिरी. मी बोट फिरवलं. एकही झाकण कुरतडलेलं नव्हतं, एकही तोंड वर आलेलं नव्हतं. आबांनी विचारलं, काय दिसस. मला सांगता येईना. मी त्यांचा हात धरून त्यावर ठेवला. तो हात हलत होता आणि माश्या त्याच्यावरून चालत होत्या, चावल्या नाहीत.

चौदातल्या दोन मी दिल्या होत्या, बारातली एक राहिली. अक्काच्या आठांतली एकही राहिली नाही. हे मला नंतर तिच्या मोठ्या मुलीकडून कळलं. त्या साली कांदाबीवाले तिच्याकडे आले, रिकाम्या पेट्या बघून गेले आणि पुढच्या साली आले नाहीत. ज्याला तिने पेट्या ठेवायचा शब्द दिला होता तो म्हणे वावरात उभं राहून बायकोला बोलला, बाईच्या भरवशावर राहायला नको होतं. अक्काने ते ऐकलं.

फाल्गुनात मी नानांच्या घरी गेले. त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "तवय् तुले दिसत नव्हतं, माय. जाऊ दे." त्यांच्या बायकोने चहा केला.

त्या एका पेटीच्या दोन व्हायला वर्ष लागलं, चार व्हायला आणखी एक. चार झाल्या तेव्हा मी अक्काला पत्र लिहिलं की एक पेटी घेऊन येते, ही जात आजार झटकणारी आहे, आता काही होणार नाही. उत्तराची वाट न बघता गेले. पेटी मी मांडीवर घेऊन बसले होते, जाळी लावून.

अक्काने पेटीकडे पाहिलं. मला पाणी दिलं. ती आता बऱ्यापैकी लिंबं काढत होती, मोठ्या मुलीचं लग्न ठरत होतं.

"चांगली शे," ती म्हणाली. "पन माले नको."

"अक्का, माझ्यामुळे गेलं ते. एवढं तरी..."

"तुन्हामुळे गय का डोंगरमाईन ऊनं, माले काय करनं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी त्या पोळा जाळात ना, तवय् मन्हा मनमाईनच गय ते. परत नही येवाव."

मग तिने मला गोठ्यामागे नेलं. आठ पेट्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. सोड्याने धुतलेल्या. लाकूड पांढरं पडलं होतं. तिने त्या दोनदा धुतल्या होत्या आणि दोन उन्हाळे वाळवल्या होत्या. चौकटी नव्या तारेने बांधून आत ठेवल्या होत्या.

"तुले लागतीन," ती म्हणाली. "लई जाय."

मी न्यायला नको म्हणत होते, ती ऐकेना. गाडी आली तेव्हा तिने स्वतः चढून टपावर पेट्या रचल्या, दोर आवळला, ओढून पाहिला. माश्यांची पेटी मी परत मांडीवर घेतली. खिडकीशी येऊन ती एवढंच म्हणाली, "पोचनी का कागद टाक."

मी टाकला. तिचंही पत्र आलं. लिंबांचं लिहिलं होतं, मुलीच्या सासरच्यांचं लिहिलं होतं, आबांचे हात कसे आहेत ते विचारलं होतं. माश्यांचं काही विचारलं नव्हतं.